दोनचं औषध

ज्वारी त्या वर्षी एकदमच वाळली. थंडी पुरती सरली नव्हती तोवर ऊन तापलं आणि आठ दिवसांत हिरवी ताटं पिवळी पडून खडखडायला लागली. त्यात मोबाईलवर रोज कुणीतरी दाखवायचं, अवकाळी येणार, गारा पडणार. मंगळवेढ्याच्या त्या काळ्या रानात ज्याला म्हणून दोन हात होते तो वाकून ज्वारी उपटायला लागला. बायका मिळेनात. मिळाली तिला चार घरची माणसं ओढायची.

सुंदरम्माच्या घरात मोठ्या माणसांचे हात सहा होते, पण चालते चारच. लेक शिवानंदचे दोन, सून श्रीदेवीचे दोन. सुंदरम्माचे हात सहासष्ट वर्षांचे असले तरी अजून खणखणीत होते; ते आठ महिने रिकामे होते. रिकामे ठेवले होते, असं म्हटलं पाहिजे.

सकाळचे सहा वाजले होते. श्रीदेवी बाजेवर मांडी घालून बसली होती आणि तिच्या मांडीत तीन वर्षांची आरोही अर्धवट उभी टेकली होती. पोरीची मान अजून धरत नव्हती. पोटावर, बेंबीच्या वर डाव्या अंगाला, एक रबरी नळी बाहेर आली होती, शर्टाच्या गुंडीएवढं टोपण लावलेली. जन्मल्यापासून पोरीला झटके यायचे. सहाला, दोनला आणि रात्री दहाला औषध पोटात गेलं तर पोर शांत. चुकलं की तोंड वाकडं व्हायचं, डोळे वर जायचे, आणि मग काही खरं नसायचं.

औषध म्हणजे पोरीशी कुस्तीच. नळीला हात लागला की ती धनुष्यासारखी ताणायची, हात भिरभिर मारायची. एकदा तिच्या मुठीत नळी सापडली होती. तेव्हापासून श्रीदेवी जुन्या लुगड्याच्या पट्ट्यांनी तिचे हात अंगाशी बांधायची.

"धरू का मी हात?" सुंदरम्मानं उंबऱ्यातनं विचारलं.

"नगं, अत्ती. तितंच बसा."

श्रीदेवी अक्कलकोटाकडची. सासूला अत्तीच म्हणायची. आवाज चढवायची नाही, पण 'तितंच बसा' म्हणाली की सुंदरम्माला उंबरा पार करता यायचा नाही.

ती बसल्या जागेवरनं बघत राहिली. श्रीदेवीनं नळी चिमटीत मुडपली, टोपण काढलं, बिनदट्ट्याची पिचकारी वरून बसवली. आधी पाणी. मग चिमूट सोडली तसं पाणी पिचकारीतनं हळूहळू खाली उतरलं. मग औषध. मग वाटीत भिजवून चोळलेली अर्धी गोळी. मग परत पाणी. सुंदरम्माला सगळं पाठ झालं होतं. तिला कुणी शिकवलं नव्हतं आणि विचारलंही नव्हतं.

"चल की," शिवानंद अंगणातनं ओरडला. "बाया बांधावर येऊन बसल्यात. काय अभिषेक चाललाय का?"

"हिचं उतरल्याबिगर येत न्हाय."

तो आत आला. चुलीजवळ श्रीदेवीची भाकरी ताटात वाढून ठेवली होती. त्यानं ताट उचललं आणि दारातनं अंगणात भिरकावलं. ताट दगडावर आपटून कुत्र्याच्या पाठीवर गेलं, कुत्रं केकाटत पळालं. श्रीदेवीनं मान वर केली नाही. पिचकारी धरलेला तिचा हात तसूभरही हलला नाही. खाली पाणी उतरत होतं ते उतरत राहिलं.

ज्वारी काढायला येणारी बजाबाई तेवढ्यात अंगणात आली. साठीची बाई, तोंडाला कुलूप नाही.

"का गं शिरीदेवी, तुमच्यात भांडी उडायला लागली? आमच्यात पयलं माणसं उडत्यात, मग भांडी." मग उंबऱ्याकडं वळून, "सुंदरव्वा, तुझं बरं हाय बाई. सावलीत बसायचं आन् माश्या मारायच्या."

"तुजी हाडं दे मला, माजी सावली तू घे," सुंदरम्मा म्हणाली.

बजाबाई हसली. पण खरं तेच होतं. सुंदरम्मानं पोरीजवळ बसायचं, माश्या हाकायच्या, तोंडातली लाळ पुसायची. औषधाची पेटी बाजेखाली होती, तिला कुलूप होतं आणि किल्ली काळ्या दोऱ्यात ओवून श्रीदेवीच्या गळ्यात होती.

एके काळी त्या गावातली पोरं सुंदरम्माच्या पायांवर वाढली होती. घुटी द्यावी तर तिनं. वेखंड, हळकुंड, मुरुडशेंग सहाणेवर मोजून उगाळायची, आईच्या दुधात कालवायची आणि मग पाय लांब करून भिंतीला टेकून बसायची. पोर पायांवर उताणं घ्यायचं. त्याचे हात आपल्या पोटऱ्यांत दाबायचे. डाव्या हाताच्या चिमटीत नाक धरायचं. श्वासासाठी तोंड उघडलं की उजव्या हातानं औषध पाजायच्या बोंडल्याची चोच घशात कलती करायची. पोर ठणाणा करायचं, निळंजांभळं व्हायचं, पण औषध पोटात जायचं. माझ्या हातनं औषध थुंकलेलं एक पोर दाखवा, असं ती म्हणायची, आणि दाखवता यायचं नाही. चाळीस वर्षं कुणाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आया पदर तोंडाला लावून बघायच्या आणि पोर परत घेताना पाया पडायच्या.

मागच्या आषाढात श्रीदेवी खुरपायला गेली होती. दोनचं औषध. आरोही चमच्यातलं बाहेर लोटत होती. सुंदरम्मानं तिला पायांवर घेतलं, नाक धरलं, बोंडलं कलतं केलं. तेवढंच. पोर ओरडलीच नाही. घशात खळखळ झाली आणि ओठ शाईसारखे झाले.

सोलापूरच्या दवाखान्यात बावीस दिवस. औषध फुप्फुसात उतरलं होतं. तिसऱ्या दिवशी डॉक्टरनं विचारलं, तोंडानं कुणी पाजलं? शिवानंद वळला आणि त्यानं भरल्या व्हरांड्यात आईच्या थोबाडीत मारली. तिची चप्पल पायातनं निघाली. ती चप्पल घालायला वाकली तेव्हा पाठीत रट्टा बसला. बाकावर रांगेनं बसलेली माणसं जरा सरकून बसली. श्रीदेवीनं नवऱ्याला धरलं नाही. त्यानंतर पोरीच्या पोटात नळी बसली. घरी आल्यावर श्रीदेवीनं बोंडलं मोरीच्या दगडावर ठेवून वरवंट्यानं चेपलं. चांदीचं होतं, पातळ. तीन घावांत पत्रा झाला.

---

साडेनऊपर्यंत ऊन चटकायला लागलं. सुंदरम्मानं पोरीला खांद्यावर घेतलं आणि दारातच उभी राहिली. वस्ती उंचवट्यावर होती. दारातनं सगळं रान दिसायचं. खाली वाकलेल्या पाठी, उपटलेल्या ताटांच्या ओळी, मुळांबरोबर उडणारी माती. घराशेजारी मागच्या तीन दिवसांत काढलेल्या पेंढ्यांचं बुचाड उभं होतं, कणसांसकट. कणसं खुडायला अजून सवड झाली नव्हती.

रान आणि घर यांच्यामध्ये संगप्पाची पट्टी होती. संगप्पा म्हणजे सुंदरम्माच्या धाकट्या दिराचा मुलगा. घराकडं यायची वाट त्याच्या पट्टीच्या कडेनं जायची, आजेसासऱ्यांच्या वेळेपासून. मागच्या आठवड्यात शिवानंदनं भाड्यानं आणलेल्या ट्रॅक्टरखाली संगप्पाचा ठिबकचा पाईप फुटला. शिवानंद म्हणाला, वाटेवर पाईप कशाला टाकलास. संगप्पा म्हणाला, वाट तुझ्या बापाची का. दोघांचे बाप सख्खे भाऊ, एकाच ताटात जेवलेले.

संगप्पाची आई त्याच्या बाळंतपणातच गेली. तो शिवानंदपेक्षा एकोणीस दिवसांनी लहान. सुंदरम्मानं दोघांना एकाच छातीवर पाजलं. संगप्पा तिला दोडव्वा, थोरली आई, म्हणायचा. सकाळी घुटी द्यायची ती ओळीनं: आधी संगप्पा, कारण तो जास्त रडायचा, मग शिवानंद. दात आल्यावर संगप्पानं तिच्या बोटाचा असा चावा घेतला होता की रक्त बोंडल्यात गेलं. तरी तिनं नाक सोडलं नव्हतं. औषध उतरल्यावरच सोडलं, आणि मग दोघं रडत बसले होते, ती आणि ते पोर.

बारा वाजले, एक वाजला. ढग पश्चिमेला जमून काळे झाले, वारा पडला. सुंदरम्मानं पोरीच्या कपाळावर ओलं फडकं ठेवलं. दीडला श्रीदेवी निघते. पाच मिनिटांत वाटेला लागते, पावणेदोनला घरात. रोजचं होतं.

दीडच्या सुमारास संगप्पा आला. ट्रॅक्टरच्या मागं बाभळीची फांदोटी बांधून त्यानं ओढत आणली. काठीनं ती आडवी रचली, वाटेच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, कमरेएवढी. मग काठी खांद्यावर टाकून तिथंच उभा राहिला.

श्रीदेवी रानातनं येताना सुंदरम्माला दिसली. डोक्यावर टॉवेल, हात कोपरापर्यंत काळे. काट्यांपाशी ती थांबली. दोनशे पावलांवरचं बोलणं, पण वारा पडलेला होता, शब्द न् शब्द येत होता.

"भावजी, पोरीचं औषध हाय. जाऊ द्या."

"वढ्यानं जा की. कोण नगं म्हणतंय?"

"वढ्यानं अर्धा तास लागतोय."

"मग तुज्या नवऱ्याला सांग, इमान आन म्हणावं."

श्रीदेवीनं टॉवेल हाताला गुंडाळला आणि फांदी ओढायला वाकली. एक फांदी सरकली. दुसरीला हात घातला तेव्हा संगप्पानं काठी उचलली आणि तिच्या मनगटावर घातली. ओला वासा मोडल्यासारखा आवाज झाला. श्रीदेवी तोंडावर काट्यांत पडली.

सुंदरम्माच्या खांद्यावर पोर होती. ती दोन पावलं उतरली आणि परत दारात आली. पोरीला खाली टाकून जाता येत नव्हतं आणि घेऊनही जाता येत नव्हतं.

शिवानंद धावत आला तो हातात खोरं घेऊन. त्यानं दांडक्यानं संगप्पाच्या तोंडावर मारलं. संगप्पा हेलपाटला, त्यानं तोंडातनं रक्त आणि दात थुंकले आणि शिवानंदच्या कमरेला मिठी मारली. दोघं काट्यांवर पडले, लोळले. एकानं दुसऱ्याचं डोकं बाभळीच्या खोडावर आपटलं. कुणाचं कुणी ते धुरळ्यात कळत नव्हतं. संगप्पानं शिवानंदच्या कानात दात रोवले आणि डोकं हिसडलं. शिवानंद जनावरासारखा ओरडला. बजाबाई आणि बाया धावत आल्या, कुणी पाय ओढला, कुणी केस. बजाबाई संगप्पाच्या पाठीत ज्वारीच्या पेंढीनं मारत होती, कणसं फुटून दाणे उडत होते.

या सगळ्याच्या खालनं श्रीदेवी निघाली. काट्यांतनं ती गुडघ्यांवर सरकली, उठली, पडली, परत उठली. डाव्या हातानं उजवा पोटाशी धरून, चार पावलांमागं बसत, ती चढ चढायला लागली.

---

ती दारात आली तेव्हा तिच्या केसांत काटे होते, गालावर ओरखडे, आणि उजवं मनगट पंजासकट भलतीकडं वळलेलं.

"किती वाजलं?" तिनं विचारलं.

भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून पंचवीस मिनिटं झाली होती.

"बस तू. पाणी देऊ?"

"पाणी नगं." श्रीदेवीनं डावा हात गळ्याशी नेला. दोरा सापडेना. तिनं सासूकडं बघितलं. खूप वेळ नव्हे, पण बघितलं. "किल्ली काढा."

सुंदरम्मानं सुनेच्या पोलक्यात हात घातला. घामानं दोरा गळ्याला चिकटला होता. किल्ली गरम होती.

पेटी उघडली. वाट्या, बाटली, गोळ्यांचं पाकीट, उकळून गार केलेल्या पाण्याचा गडू. श्रीदेवी भिंतीला टेकून खाली बसली होती, तिचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"पयलं पोरीचं हात बांधा. टेकवून बसवा, आडवी नगं. अर्धी गोळी भिजत घाला. लई बारीक चोळा, न्हाय तर नळी तुंबती."

सुंदरम्मानं गोळी वाटीत घातली आणि अंगठ्यानं चोळली. चाळीस वर्षं सहाणेवर चोळलेला अंगठा. गोळीचं पिठासारखं पाणी झालं. मग पोरीचे हात बांधून, तिला मांडीत टेकवून ती बाजेवर बसली.

"आता नळी मुडपा. टोपण काढा. पिचकारी बसवा, दट्ट्या न्हाय. पाणी वता. आता चिमूट सोडा."

पाणी उतरायला लागलं. आरोही ताणली, बांधलेल्या हातांनी झटापट करू लागली, तिचं डोकं सुंदरम्माच्या छातीवर आपटलं. सुंदरम्माच्या डाव्या हाताची बोटं आपोआप वर गेली, नाकाकडं. श्रीदेवीनं ते पाहिलं.

"अत्ती."

बोटं खाली आली.

"जोर करायचा न्हाय," श्रीदेवी म्हणाली. "कशालाच न्हाय. वर धरायचं, आपल्या वजनानं उतरतंय."

"बघती की रोज," सुंदरम्मा म्हणाली.

बाटलीतलं औषध मोजून तिनं पिचकारीत ओतलं. तेवढ्यात दार अंधारलं.

शिवानंद होता. त्याचा डावा कान अर्धा लोंबत होता, मानेवरनं रक्त शर्टात उतरत होतं. त्याचे डोळे सुंदरम्मानं आधी एकदाच असे बघितले होते, त्या व्हरांड्यात. तो सरळ बाजेकडं आला. बाजेमागं, धान्याच्या कणगीच्या आणि भिंतीच्या फटीत, कुऱ्हाड ठेवलेली असायची.

"बाज सरकव, अव्वा."

"नळी लावलीया."

"सरकव म्हणतो न्हवं."

"सरकवलीस तर नळी निघंल. भोक पडंल तितं, पोटात."

बाहेरनं संगप्पाचा आवाज आला. तो वाट ओलांडून अंगणापर्यंत आला होता. तोंड फुटल्यामुळं शब्द ओले, तुटके येत होते. "दोडव्वा, भायेर काढ त्येला. आज एक तरी ऱ्हाईल. दोगं न्हाय ऱ्हायचं."

शिवानंदनं बाजेच्या काठावर गुडघा टेकला आणि आईच्या डोक्यावरनं हात लांबवला. कुऱ्हाडीच्या दांड्याला त्याची बोटं लागली असतील नसतील.

"माजा हात कापतोय," सुंदरम्मा म्हणाली. "हे धर."

"अव्वा, बाजूला हो."

"तुज्या बायकूचा हात मोडलाय. माजा कापतोय. ही पिचकारी खाली आली तर सगळं औषध उलटं भायेर येतंय. अडीच वाजून गेलं. धर म्हणती की."

तिचा हात कापत नव्हता. तिनं तो कापवला. पिचकारी हिंदकळली, पांढरं औषध काठावर आलं. शिवानंदचा हात कुऱ्हाडीकडनं परत आला आणि त्यानं पिचकारी धरली.

"वर. अजून वर. दोनी हातानं, रगत गळतंय त्यात."

त्यानं दोन्ही हातांनी पिचकारी वर धरली. तो तसा उभा राहिला, कुणी हात वर करायला सांगितल्यासारखा. कानातलं रक्त त्याच्या कोपराशी येऊन बाजेवर ठिबकत होतं. सुंदरम्मानं नळी खाली, पोरीच्या पोटापाशी धरली होती. तिनं अंगठ्यानं ती मुडपली.

औषध जागच्या जागी थांबलं.

बाहेर संगप्पा शिव्या देत होता. शिवानंदच्या आजोबापासून सुरुवात करून तो खाली येत होता. त्यातली निम्मी माणसं त्याचीही होती. बाया त्याला मागं ओढत होत्या आणि बजाबाई म्हणत होती, "आरं मेल्या, तोंडातलं दात तरी गोळा कर आधी." दगड पत्र्यावर पडला, घरभर धडाडलं. आरोही दचकली.

"उतरंना की," शिवानंद म्हणाला.

"उतरंल."

"तुंबली का?"

"न्हाय. हळूहळू उतरतंय. जोर करायचा न्हाय."

दुसरा दगड. तिसरा दारातनं आत आला आणि चुलीतली राख उडाली. शिवानंदचे दात करकरत होते. त्याच्या दंडाच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या. सुंदरम्मा ते बघत होती आणि मनात म्हणत होती, अजून थोडं. माणसाचा हात किती वेळ वर राहतो आणि त्यातला कली कधी उतरतो ते तिला माहीत होतं. नांगर धरणारा तिचा नवरा, गुरुसिद्धप्पा, असाच होता. पहिल्या झटक्यात माणूस मारील, पण तेवढा निघून गेला की बांधावर बसून रडेल. तेवढा जाऊ द्यायचा.

मग तिला पोरीचा ओठ दिसला.

डाव्या कोपऱ्यात, माशी बसल्यावर कातडी हलते तसा. एकदा. परत एकदा. अंगणात संगप्पा अजून होता. त्याचा आवाज जवळ आला होता. अंगठ्याखाली नळी मऊ, गरम होती, आणि वर लेकाच्या दोन्ही हातांत औषध होतं. ओठ तिसऱ्यांदा हलला, या वेळी गालासकट.

तिनं नळी अजून दोन श्वास दाबून ठेवली. तेवढे तिनं मोजले. मग अंगठा उचलला.

औषध सरसर उतरलं.

"उतरलं," शिवानंद म्हणाला.

"आता गोळी." तिनं वाटी कलती केली. "धर वर. आता पाणी."

पाणी निम्मं उतरलं तेव्हा पोरीचे डोळे वर गेले. अंग ताठ झालं, जबडा आवळला, आणि बांधलेले हात पट्ट्यांत धडधडायला लागले. सुंदरम्मानं पाणी संपू दिलं, नळी मुडपली, पिचकारी काढली, टोपण लावलं. त्यात तिची बोटं घाबरली नाहीत. मग पट्ट्या सोडल्या आणि पोर उचलून लेकाच्या छातीशी दिली.

"एका अंगावर धर. लाळ भायेर येऊ दे. तोंडात बोट घालू नगं."

शिवानंद पोरीला घेऊन बाजेवर बसला. त्याच्या हातात ती धडधडत होती. त्याचं रक्त तिच्या कपाळावर पडत होतं. श्रीदेवी भिंतीपासून सरकत आली आणि डाव्या हातानं पोरीचं डोकं धरलं. तिघं तसे राहिले. घड्याळात दीड मिनिट गेलं, दोन गेली. मग पोरीचं अंग सैल पडलं आणि ती घोरायला लागली.

तेव्हाच कडकड ऐकू आली. वाळल्या कडब्याची कडकड, ती एकदा ऐकलेल्याला दुसऱ्यांदा सांगावी लागत नाही.

"बुचाड पेटवलं गं बाई," बजाबाई बाहेरनं ओरडली. "पेटवून पळतोय मुडदा. शिवानंदा."

शिवानंद पोरीसकट उठला. दारातनं धूर आत आला, पिवळा, गोडसर, कणसं भाजल्याचा. तीन दिवसांची ज्वारी. कणगी भरायची होती ती.

"बस," सुंदरम्मा म्हणाली.

"पेटलंय सगळं."

"पेटू दे. बाया हायत्या. अर्धा तास हिला आडवं करायचं न्हाय, आत्ता खाल्लेलं वर येतंय. कुणाकडं देऊन जातोस? हिच्याकडं? हिला एकच हात हाय. का माज्याकडं?"

तो उभा राहिला. बाहेर ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला, मग तो लांब गेला. बाया घागरी आणत होत्या, एकमेकींवर खेकसत होत्या. बुचाडाचा वरचा भाग आत कोसळला, ठिणग्या दारापुढनं गेल्या. शिवानंदनं पोरीला खांद्यावर घेतलं, तिची मान आपल्या चांगल्या कानाला टेकवली आणि परत बसला. काही वेळानं त्याचे खांदे हलायला लागले.

सुंदरम्मानं पिचकारी धुतली, वाट्या धुतल्या, पेटीत ठेवल्या. मग एक फडकं फाडून ती श्रीदेवीजवळ बसली आणि तिच्या मनगटाखाली लाटणं धरून बांधायला लागली. श्रीदेवीनं दात ओठांत रुतवले.

"सोलापूरला जावं लागंल," सुंदरम्मा म्हणाली. "बजाबाईला फोन करायला सांगितलाय, जीप यील."

श्रीदेवी तिच्या हाताकडं बघत होती. उजव्या अंगठ्याकडं. तिथं नळी दाबल्याची आडवी रेघ अजून उमटलेली होती.

"दहाचं बी तुमीच द्या," ती म्हणाली. आवाज इतका खाली होता की बाजेपर्यंत पोचला नसता. "पर मधी अंगठा घालायचा न्हाय, अत्ती. परत कदी न्हाय."

सुंदरम्मानं गाठ मारली. मान हलवली.

"काय म्हणती ती?" शिवानंदनं विचारलं.

"काय न्हाय," सुंदरम्मा म्हणाली. "पाणी किती घालायचं ते सांगतीया."